तांड्याची मतं

आबा, काल दुपारी शाळा सुटल्यावर तुमच्या बाजूची तीन माणसं वाशीमच्या माझ्या खोलीवर आली होती. तुमच्या बाजूची म्हणजे जुन्या वळणाची, देवधर्म आणि वतनं आहेत तशीच राहावीत म्हणणारी. तिघंही तरुण. त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही, तुमच्याबद्दल नुसतं ऐकलं आहे. निवडणूक तोंडावर आली आहे आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांवर त्यांना कोणी उभं करत नाही. त्यांतला एक चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाला, "बाई, लोकल बोर्डाच्या वक्ताले तुमच्या वडलाईले तांड्याचं एकूनएक मत पडलं होतं म्हनतात. कसं जमवलं त्याईनं, तेवढं सांगा." मी त्यांना काय सांगितलं ते शेवटी लिहिते. आधी जे झालं ते सगळं तुमच्यासमोर मांडायचं आहे, कारण तुम्ही होता तोवर आपण त्यावर एकदाही बोललो नाही.

आई तापाच्या साथीत गेली तेव्हा तिच्या सोन्याच्या पाटल्या घरात सापडेनात. त्याच आठवड्यात तांड्यावरची एक बाई डिंक आणि चारोळी विकायला आपल्या ओसरीवर येऊन गेली होती. तेवढं पुरलं. गावात काही हरवलं की पहिली झडती तांड्याची, हा रिवाजच होता, आणि तुम्ही गावचे पाटील, रिवाज मोडणारे नव्हता. शिपाई तिच्या तरण्याताठ्या मुलाला घेऊन गेले. महिन्याने तो परत आला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापासून वाकडा झाला होता. पाटल्या काही मिळाल्या नाहीत. पुढे उन्हाळ्यात आईची जुनी वाकळ धुवायला म्हणून मी उसवत बसले होते आणि कात्री कशाला तरी अडली. तिनेच आजारपणात चोरांच्या भीतीनं पाटल्या आत शिवून टाकल्या होत्या. मी तशीच उठून तुमच्याकडे आले. तुम्ही त्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिल्यात. मग म्हणालात, "हे घरातच राहू दे, पोरी. लोकाईत तोंड दाखवाले जागा राहनार नाई." मी मान डोलावली. पुढे तुम्ही पाटल्या सोनाराकडे मोडायला दिल्यात आणि सोनाराच्या तोंडून गोष्ट बाहेर पडली. गावातल्या कोणी ती मनावर घेतली नाही. तांड्यानं घेतली.

तीन-चार वर्षांनी तुम्ही बोर्डासाठी उभे राहिलात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, म्हणून मतदारांची यादी वाचायला मी बैलांच्या दमणीत तुमच्याबरोबर असायची. विधवा मुलगी प्रचाराला नेतात म्हणून लोक बोलत, पण तुम्ही लक्ष दिलं नाही. पोहरादेवीच्या रस्त्याला लागून तो तांडा, तिथं सारा भरणारी, म्हणून मताचा हक्क असलेली वीसेक घरं होती, आणि तुमच्याविरुद्धचा सुधारक उमेदवार तिथं दोनदा जाऊन आला होता. तुमच्या मंडळींनी सुचवलं होतं की देवीला चांदीचं छत्र कबूल करा, बायांना लुगडी वाटा. तुम्हाला ते हलकं वाटलं. तुम्ही म्हणालात, मी सरळ बोलीन.

आपण तांड्यावर गेलो तेव्हा तिथल्या प्रमुखानं, नायकानं, बाज टाकली, तांब्याभर पाणी आणलं. तुम्ही तांब्याला हात लावला नाही, मीही लावला नाही. तुम्ही खरोखर मनापासून बोललात. गाईचं बोललात, देवीचं बोललात, नवे लोक घरादाराची घडी विस्कटतील म्हणालात. "तुमी आमी एकच आहो. जुनं सांभाळनारे लोक आहो." नायकानं सगळं ऐकून घेतलं. मग तो सावकाश म्हणाला, "पाटील, आमीबी जुनेच. नवस, पंचायत, बोली, सारं आमी तुमच्यापेक्षा घट्ट धरून ठेवलं. पन तुमच्या त्या जुन्यात आमची जागा कोठी हाये, ते सांगा. झडतीच्या वक्ताले पयले, अन् पंगतीच्या वक्ताले कोठीच नाई."

तुम्ही काही बोलायच्या आत मागं बसलेली म्हातारी पुढे आली. डिंक विकणारी तीच. तिनं हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही. "मले लुगडंबिगडं काई नोको," ती म्हणाली. "पाटल्या तुमच्या घरीच भेटल्या, ठाव हाये मले. तेवढं चावडीवर सांगा. साऱ्याईच्या समोर. माह्या पोराले अजून चोर म्हनतात." तिचा मुलगा तिथंच बैलाला पेंड चारत होता, डाव्या हातानं. त्यानं आपल्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तुम्ही उठलात. अर्ध्या वाटेवर माझ्यावरच कडाडलात, "काहून मान खाली घालून बसली होती? त्याईले वाटलं असंन आपन कबूल केलं." मी म्हणाले, "आबा, खोटं काय होतं त्यात?" त्यानंतर आठ दिवस तुम्ही माझ्या हातचं ताट सरकवून ठेवत होता. मला वाटलं, तुम्ही मला आता घरातून काढणार.

नवव्या दिवशी सारा भरायला गाव चावडीवर जमलं होतं. तुम्ही नायकाला निरोप पाठवून बोलावून घेतलंत. मी पलीकडच्या ओट्यावर बायकांत उभी होते. तुम्ही पागोटं काढून मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "पाटल्या माह्या घरात भेटल्या. मले ठाऊक होतं. मी बोललो नाई. त्या पोराचा हात माह्यामुळं गेला." तुमच्या चुलतभावानं मधेच अडवलं, "दादा, काय बोलून राह्यले तुमी? गावातली मतं जातीन." तुम्ही म्हणालात, "गेली त जाऊ दे."

गेलीच. तेव्हा कोणाचं मत कुठं पडलं ते लपत नसे. तांडा सगळाच्या सगळा तुमच्यामागं उभा राहिला, आणि पाटलानं घराण्याची अब्रू चावडीवर मांडली म्हणून आपल्या भाऊबंदांनी तुम्हाला पाडलं. पुढच्या दोन वर्षांत तुम्ही गेलात. तुम्ही काही सुधारक झाला नव्हता. तांड्यावरचं पाणी तुम्ही शेवटपर्यंत प्यायला नाहीत. त्या मुलाचा हातही तसाच राहिला. पण गावात चोरी झाली की पहिली झडती तांड्याची, हे तुमच्या हयातीत तरी थांबलं.

हे मी कालच्या तिघांना सांगितलं. एकानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. दुसरा जरा अवघडून म्हणाला, "ते ठीक हाये बाई, पन आमाले करता येईन असं काई सांगा. छत्रगित्र." तिसऱ्यानं जाताना तांड्याची वाट विचारली. तो जाईल की नाही, कोण जाणे.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिता येतं. वाकळ मी उसवली होती, आबा. मला तुमच्याइतकंच ठाऊक होतं आणि मीही बोलले नव्हते. चावडीवर तुम्ही सगळं एकट्याच्या अंगावर घेतलंत आणि मी ओट्यावरून ते घेऊ दिलं. काल त्या तिघांना मी म्हणाले, "वडिलांना ठाऊक होतं." माझं नाव कालही घेतलं नाही.