आपला तुकडा पडीक दिसतो

नागपूर, ६ ऑक्टोबर

दशरथदादा,
धाकट्या सोमीचा लांबून नमस्कार.

मी बरी आहे. खोलीला पंखा आहे. शेजारीण रोज भाजी देते, फार तिखट, पण ते राहू दे.

कामही जमतंय. उपग्रहाच्या फोटोत उभं पीक लाल दिसतं, रिकामी जमीन करडी. कुठे काय पेरलंय ते मी कॉम्प्युटरवर लिहिते. दहावी नापास पोरगी हे करते, सांग वाडीत!

काल आपल्या चौक गावाकडचा फोटो आला. आधी ओढा सापडला, मग वहिनीचं मोहाचं झाड शोधत बसले. मग आपला तुकडा दिसला. भोवती सगळ्यांचं भात लाल, मध्ये आपलाच करडा. त्यावर ‘पडीक’ मीच लिहिलं रं.

बा म्हणायचा, "मी हाय तवर ह्यो तुकडा पडीक ऱ्हाणार नाय." आणि जुलैपासून फोन केला की तू म्हणतोस, "बा शेतावर गेलाय."
कुठल्या शेतावर, दादा?

आईचे गुडघे कसे आहेत? ती फोनवर बोलत का नाही?

रविवारी येते. बा असेल, तर मी रडले ते त्याला सांगू नकोस. नसेल, तर त्याचा कोयता मी येईपर्यंत कुणाला देऊ नका.

तुझीच,
सोमी