ऋताच्या बेटावर

९ नोव्हेंबर, शनिवार. पासिर रिस, सिंगापूर

बॅग भरून झाली. अर्ध्याहून जास्त सामान ऋताचंच – भाजणी, गोडा मसाला, दिवाळीच्या उरलेल्या चकल्या, तिला आवडणारा नारळाचा काया जॅम. प्रबोध दारात उभा राहून बघत होता. "नोव्हेंबरात कुणी बेटावर जातं का? सगळं बंद असेल तिथे."

असेना. मी बेट बघायला जातच नाहीये. मुलीला परत आणायला चाललेय.

बँकेतली चांगली नोकरी सोडून पोरगी माल्टाजवळच्या गोझो नावाच्या बेटावर गेली, त्याला दीड वर्ष झालं. तिथे ती पर्यटकांना स्कूबा डायव्हिंग शिकवते. जाताना बापलेकीचं जोरात वाजलं. "हौस फिटली की रडत येशील परत," असं म्हणाला प्रबोध. ती म्हणाली, "मग येणारच नाही." मी दोघांच्या मध्ये उभी, गप्प. तेव्हापासून ती माझ्याशीच बोलते, बापाशी 'हाय-बाय'.

या वेळी मी बोलणार आहे. काय बोलायचं तेही ठरवलंय. ऑफिसला जाता-येता एमआरटी ट्रेनमध्ये मनातल्या मनात म्हणून बघितलं.

११ नोव्हेंबर, सोमवार. गोझो

पोचले. दोन विमानं, मग बस, मग फेरीबोट. अंग आंबलंय.

ऋता धक्क्यावर उभी होती. केस बारीक कापलेत, उन्हाने रापलीये, गाल बसलेत. मिठी मारली ती सोडेचना. शेवटी मीच म्हटलं, "अगं, बॅगा भिजतायत."

गाव छोटं आहे, समुद्राला लागून. किनाऱ्यावर ओळीने हॉटेलं आणि सगळ्यांच्या फळ्या लावलेल्या. खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधून ठेवल्यात. रस्त्यावर एक कुत्रा आणि आम्ही दोघी. गंमत म्हणजे भिंतीवरचे प्लग आपल्यासारखेच तीन पिनांचे, गाड्याही डावीकडूनच जातात. तेवढ्यानेच जरा घरच्यासारखं वाटलं.

आज काही बोलले नाही. उद्या.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी चालायला गेलो. मला वाटलं होतं, युरोपातला शरद ऋतू म्हणजे सगळं वाळलेलं असेल. उलटंच. ऋता म्हणाली, "उन्हाळ्यात इथे सगळं करपून जातं, आई. आता पाऊस पडला की हिरवं होतं." दगडी बांधांच्या मध्ये कोवळं गवत उगवलंय. घरं पिवळ्या दगडाची. किनाऱ्यावर खडकात कोरलेली मिठागरं आहेत, त्यात पावसाचं पाणी साचलेलं.

तिची डायव्हिंगची शाळा वसंतापर्यंत बंद. मालक सिसिलीत आपल्या घरी गेलाय. बाकीचे शिकवणारेही आपापल्या देशांत. किल्ली हिच्याकडे. "करतेस काय मग दिवसभर?" "सिलिंडर तपासते, वेटसूट शिवते. बोटीला रंग लावायचाय." मग, "वेळ जातो."

एक गोष्ट लक्षात आली. ती माझ्याशी सगळं मराठीत बोलतेय. सिंगापूरला असताना मी मराठीत विचारायचे आणि उत्तर यायचं तिथल्या इंग्रजीत, "कॅन, कॅन लाह, आई." म्हणजे, हो, चालेल. इथे 'करपून जातं'सारखे शब्द वापरते. पोरगी लांब राहून समंजस झालीये.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर वारा. थालीपिठं लावली. ऋताने चार खाल्ली. बोलायचं राहिलंच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे बघितलं ते विसरणार नाही.

घरमालकीण कार्मेनबाई खालच्या मजल्यावर राहतात. ऐंशीच्या असतील. सकाळी ओल्या पायरीवरून घसरल्या. मी आवाज ऐकून धावले आणि नुसती उभी राहिले. ऋता वरून आली, त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. त्यांना हलू दिलं नाही. मानेला आधार दिला, अंगावर आपलं जॅकेट टाकलं, एका हाताने अँब्युलन्सला फोन. सगळा वेळ त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होती. माझ्या मुलीच्या तोंडून माल्टीज! मला एक अक्षर कळलं नाही, पण बाई शांत झाल्या. अँब्युलन्समधून तीच सोबत गेली.

मनगट मोडलंय, बाकी ठीक. संध्याकाळी घरी आणलं. बाई माझा हात धरून इंग्रजीत म्हणाल्या, "माझी मुलं ऑस्ट्रेलियात आहेत. ही नसती तर मी काय केलं असतं?"

मनाशी घोकून आणलेलं सगळं एकदम हलकं वाटायला लागलं. 'करिअरचं काय', 'लग्नाचं काय', 'लोक विचारतात'. इथे हिची कुणाला तरी गरज आहे. आपली मुलगी अशी झाली, आणि आपण हिला काखोटीला मारून न्यायला आलो?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरलं. विचारायचं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

जेवताना ऋताने विचारलं, "माझी खोली आहे तशीच आहे का गं?"

तिला आमच्यापायी अपराधी वाटायला नको, म्हणून हसत म्हटलं, "छे, बाबांनी तिथे टेबल टाकलंय. आता ती त्यांची स्टडी. तू आमची काळजी करू नकोस. आम्हाला सवय झालीये."

टेबल टाकलंय हे खरं. पण प्रबोध तिथे कधी बसत नाही. पलंगावरची चादर दर रविवारी बदलतो, तेही तिला सांगितलं नाही.

ती म्हणाली, "गुड. चांगलं झालं." आणि ताटं उचलून नेली. भांडी घासायला बराच वेळ लावला. मी पुसायला गेले तर म्हणाली, "तू बस, आई."

मला स्वतःचंच कौतुक वाटलं. आईने एवढं तरी जमवावं. मुलांना मोकळं सोडावं.

१७ नोव्हेंबर, रविवार

निघायचं होतं, पण लाटांमुळे फेरी बंद. फोन करून विमान पुढे ढकललं. धक्क्यावरून घरी परत आलो तेव्हा ऋता इतकी खूश, की गाणं गुणगुणत होती. दुपारभर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. लहानपणी तापात झोपायची तशी.

मी तेल लावून दिलं. बारीक केसांत बोटं अडकतच नाहीत आता.

१८ नोव्हेंबर, सोमवार. विमानतळ

सकाळी समुद्र शांत झाला. धक्क्यावर आलो. फेरी लागलेली, माणसं चढत होती. ऋता माझी बॅग हातात धरून उभी. मग म्हणाली, "आई, तू मला काही विचारणार नाहीस?"

मी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. म्हटलं, "नाही गं. मी काही विचारायला आले नव्हते. तू इथे छान आहेस, ते बघितलं. राहा तू. बाबांचं मी बघते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "ओके," म्हणाली. बॅग आत नेऊन ठेवली आणि मागे वळून न बघता उतरली. रडू आलं असणार, मला दाखवायचं नसेल.

मलाही आलं. पण मन हलकं आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार. पासिर रिस

प्रबोध चांगी विमानतळावर आला होता. टॅक्सीत बसल्याबरोबर, "येते म्हणाली?"

"मी विचारलंच नाही." मग सगळं सांगितलं – कार्मेनबाई, अँब्युलन्स, माल्टीज. म्हटलं, "मुलगी मोठी झालीये आपली, प्रबोध. तू पण आता सोड ते."

मला वाटलं, त्याला अभिमान वाटेल. तो खिडकीबाहेर बघत बसला. घर आल्यावर म्हणाला, "एकदा विचारायचं तरी."

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

ऋताचे मेसेज कमी झालेत. बोटीचं रंगकाम असेल. मीही सारखा फोन करत नाही. मुद्दाम.

१२ डिसेंबर, गुरुवार

दुपारी ऑफिसात कार्मेनबाईंचा फोन. नंबर ऋताने दिलेला, अडीअडचणीला. म्हणाल्या, "तुमच्या मुलीला सांगू नका मी फोन केला. ती नीट जेवत नाही. तुम्ही येण्याआधी तिने मला घर सोडतेय म्हणून सांगितलं होतं. म्हणाली, आई मला न्यायला येतेय. बॅग भरून दारामागे ठेवली होती. तुम्ही तिला नेलं का नाही?"

जिन्यात जाऊन ऋताला फोन लावला. तिने 'हॅलो' म्हणायच्या आधीच म्हटलं, "घरी चल."

पलीकडून, "कॅन, आई."