लाट सोडल्यावर

काका, परवा शनिवारी मी सर्फिंगच्या फळीवरून लाट सोडून हवेत जायचा प्रयत्न करणार आहे. सिंगापूरच्या समुद्रात लाटा नाहीत, नांगरलेली जहाजं तेवढी दिसतात. म्हणून डिसेंबरात आम्ही चौघी मैत्रिणी वुडलँड्सहून कॉजवे ओलांडून पलीकडच्या देशात, जोहोरला जातो आणि तिथून व्हॅनने पूर्वेचा किनारा गाठतो. तिकडे या दिवसांत पावसाळा असतो, दर्या उधाणलेला. मच्छीमारांनी होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात. त्या दिसल्या की मला आपली वाडी आठवते.

नारळीपौर्णिमेआधी वाडीतलं कुणी दर्यात शिरत नसे, आणि तुला तर नेमक्या तेव्हाच्याच लाटा हव्या असत. एका परदेशी पाहुण्याने मोडली म्हणून टाकून दिलेली सर्फिंगची फळी तू होड्यांना लावतात ते फायबर लावून जोडली होतीस. मी तिसरीत असेन. तू फळी काखेत मारून निघालायस आणि आजोबा मागून ओरडतायत, "अजून नारळ पडूक नाय, आणि ह्यो निघालो!" तू वळून म्हणतोस, "नारळ होडीवाल्यांचो. माझी होडी खंय आसा?" बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आजोबा मात्र आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत. पुढे किनाऱ्यावरच्या स्पर्धेत पंचांनी बजावलं, लाटेवरच राहायचं. तू लाटेच्या माथ्यावरून सरळ हवेत गेलास. शून्य गुण. पुढच्या वर्षी पुन्हा तेच केलंस, पुन्हा शून्य. आपल्याकडे असे उडणारे तेव्हा तुम्ही दोघेतिघेच. आता तिथली मुलं तेच शिकतात आणि त्यांना त्याचे गुण मिळतात.

तू काविळीने गेलास, समुद्रापासून लांब, जिल्ह्याच्या इस्पितळात. तरी वाडीत अजून म्हणतात, नारळाआधी शिरायचा, दर्याने नेला. आईसुद्धा तेच म्हणते. म्हणून तिला मी काही सांगितलेलं नाही. परवा फोनवर विचारत होती, "आवाज कित्याक बसलो गो तुझो?" "ऑफिसातला एसी, आई." असं खोटं बोलणं मला आवडत नाही. मी घरातली पहिली पदवीधर, निदान मी तरी खरं बोलावं असं मला वाटतं. पाय मोडला तर नव्या नोकरीचं काय, इथे काम करायच्या पासचं काय, ही काळजी आहेच. पण झोप उडवते ती दुसरीच भीती. मला काही झालं तर वाडी म्हणेल, बघा, काकावर गेली आणि तिलाही दर्याने धरलं. तुझ्यावरचा तो खोटा आरोप माझ्या पडण्याने कायमचा खरा ठरेल.

आम्हाला सर्फिंग शिकवणारी मुलगी सिंगापूरचीच, सेम्बावांगची. तिला मी तुझ्याबद्दल भरभरून सांगितलंय. गेल्या शनिवारी तिने विचारलं, "युवर अंकल हाऊ लँड, आह? लुक डाऊन ऑर लुक फ्रंट? टेल लाह!" सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पाणी प्यायला उठले.

आईला हे सांगवत नाही आणि तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहू शकते. उतरताना तू खाली बघायचास की समोर, मला माहीत नाही, काका. मी वाळूत उभी असायचे खरी, पण तू लाट सोडलीस की डोळे गच्च मिटून घ्यायचे. फळी आपटल्याचा आवाज यायचा, मग तुझं हसणं ऐकू यायचं, तेव्हा कुठे उघडायचे. तुला उडताना मी एकदाही पाहिलेलं नाही.