मंगोलिया कुणाला दिली नाही

प्रिय शिवकन्या,

तू फोन कपाटात ठेवून दिलास असं साक्षीकडून कळलं, म्हणून कागदावर लिहिते आहे. तुझी बहीण आता मोठ्या माणसासारखी बोलते. मी तुझी चौकशी केली तर म्हणाली, "ताई बोलत न्हाई, पण जेवते." एवढ्या बातमीवरही मला बरं वाटलं. इकडे नांदेडला माझं ठीक चाललंय. कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते, शनिवारी उमरीला आईकडे जाऊन येते. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तरी ती विहारातल्या कामाला पहिली हजर.

फोनवरच्या आपल्या देशांच्या खेळात बरीच नवी पोरं आली आहेत. निलंग्याच्या एका मुलीला मंगोलिया व्हायचं होतं. ती तुझी, म्हणून कुणीच दिली नाही. तिला पेरू दिला, त्यावर दोन दिवस सगळे हसत होते. नव्यांना नियम समजावण्याचं काम माझ्याकडेच आहे, आणि समजावताना मला दर वेळी लातूरचं आपलं होस्टेल आठवतं. मेसच्या रांगेत तू म्हणाली होतीस, की देश म्हणजे नकाशावरचा रंग नाही, माणूस आहे; त्यालाही भूक लागत असेल, तापही येत असेल. त्यावरून, प्रत्येकानं एक देश होऊन गटात लिहायचं, हा खेळ सुरू झाला. मी भूतान झाले. तू मंगोलिया झालीस, कारण जमीन अफाट, माणसं थोडी, आणि बोलणं त्याहून थोडं. तू स्वतःचंच वर्णन केलंस असं मला तेव्हा वाटलं होतं.

नियम तेव्हा एकेक करत ठरले. सरकार म्हणजे देश नव्हे, ते अंगावरचं कापड. बदललं तरी माणूस तोच. दुष्काळ पडला की देशाचे ओठ फुटतात, तरणी पोरं परदेशी गेली की तो वाळत जातो. आज जिथं खरी लढाई चालू आहे ती खेळायची नाही, कारण तिथं खरी माणसं मरत आहेत. समोरच्यानं होकार दिल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लागला असं लिहायचं नाही. आणि भारत कुणीच व्हायचं नाही, हा नियम तुझा. नाही तर तो कसा बोलतो, काय खातो, कुणाच्या घरी जेवतो यावरून आपली मैत्री आठ दिवसांत मोडली असती. तुझ्या घरात माझा चहाचा कप वेगळा ठेवत होते तेव्हाचे ते दिवस. तू दर वेळी तोच कप उचलून स्वतः प्यायचीस आणि काही बोलायची नाहीस.

शेवटचा नियम मात्र माझ्यासाठी झाला होता. दुसऱ्या वर्षाला माझे बाबा वारले. होस्टेलवर परतल्यावर मी कुणाशी त्यावर बोलले नाही, पण माझ्या भूताननं खाणंपिणं सोडलं. कुणीतरी सगळ्यांसमोर विचारलं, की लुंबिनी, हे तुझ्या बाबांमुळं का? मी उठून गेले होते. मग ठरलं, की खेळातलं दुखणं खेळणाऱ्याला विचारायचं नाही. तू तर नाहीच विचारलंस. तुझी मंगोलिया रोज डोंगर उतरून यायची, मिठाचा दुधाचहा भूतानच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि आल्या वाटेनं निघून जायची. किती तरी दिवसांनी भूताननं तो चहा घेतला. त्याच दिवशी मी मेसमध्ये पोटभर जेवले, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझं लग्न होऊन तू अहमदपूरला गेलीस तेव्हा मला वाटलं, आता खेळ सुटला. पण दुपारी, घर झोपलं असेल तेव्हा, तू येत राहिलीस. हळूहळू मंगोलिया बदलली. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं घालायला लागली. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणायची, वारा लागतो. तिच्या तंबूत कुणीही वाटसरू यावं, जेवून जावं अशी रीत होती; आता लांबून हाक मारली तरी ती बाहेर येईना. उदगीरचा अमरेश, आपला ब्राझील, म्हणाला की शिवकन्या काय लिहायला लागलीय. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. मीही केलं.

पण मला चैन पडेना. म्हणून आधी नियमात राहूनच आले. भूतान तुझ्या तंबूपाशी आली आणि दार उघड म्हणाली. तू लिहिलंस, "कडी बाहेरून आहे." ते वाचल्यावर मी खेळ बाजूला ठेवला. तुला वेगळा निरोप पाठवला: "शिवकन्या, हे मंगोलियाचं हाय का तुझं?" मी स्टाफरूममध्ये तशीच बसून होते, तासाची घंटा झाली तरी. मग तुझे दोन शब्द आले. "माझं हाय."

त्यानंतरचं तू पाहिलंस, पण अर्धंच. मी तुझ्या बाबांना फोन लावला. शेषेरावकाका माझ्याशी त्याआधी कधी धड बोललेही नव्हते. मी सांगत गेले, ते ऐकत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, आमच्या घरच्या गोष्टीत तू कोण? ते म्हणाले, "मी रेणापूरहून निघतो. तू येतीस का पोरी? मला एकट्याला तिथं बोलणं सुधरायचं न्हाई." मी एसटीनं अहमदपूरला उतरले तेव्हा ते स्टँडवर जीप लावून उभे होते. तोंड सुकलेलं. माझ्या हातातली पाण्याची बाटली मागून घेतली, अर्धी प्याले आणि परत दिली. तुझ्या सासरी चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. आवाज न चढवता एवढंच म्हणाले, की पोरीला न्यायला आलोय. तू पिशवी घेऊन बाहेर आलीस आणि जीपमध्ये मागं बसलीस. रेणापूर येईपर्यंत माझ्याकडं पाहिलं नाहीस. त्यानंतरही काही बोलली नाहीस.

तू रागावली असशील तर तो तुझा हक्क आहे. तुझ्या आयुष्यातली एकच जागा अशी होती जिथं तू न सांगता सांगू शकत होतीस, आणि मी तिथं पाय ठेवला. पण पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा विचारीन. गटात त्या शेवटच्या नियमावर खूप बोलणं झालं. अमरेश म्हणाला, विचारायची मुभा दिली तर माणसं मोकळेपणानं लिहायची नाहीत. त्याचंही खरंच होतं. शेवटी ठरलं, की कुणाची काळजी वाटली तर एकट्यात, एकदाच विचारायचं, आणि उत्तर द्यायचं की नाही ते त्यानं ठरवायचं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तू खेळात परत ये असंही मी म्हणत नाही. नाही आलीस तरी चालेल. माझ्या खोलीतली बुद्धप्रिया बदली होऊन गेली. तिची कॉट रिकामी आहे, खिडकीपाशी, सकाळचं ऊन येतं तिथं. बी.एड.चे प्रवेश सुरू व्हायचे आहेत. तुझ्या बाबांशी मी बोलले, तर ते म्हणाले, "मला नको विचारू, आता तिलाच विचार." म्हणून तुला विचारते आहे, इथं राहायला येतेस का? उत्तराची घाई नाही. पाकिटात खोलीची दुसरी किल्ली घातली आहे. आलीस आणि मी कॉलेजात असले, तर बाहेर ताटकळत बसू नकोस. कुलूप जरा घट्ट आहे, किल्ली थोडी वर उचलून फिरव.

तुझीच,
लुंबिनी