ठकूचं दूध तुटलं

वैशाखरे, ४ ऑक्टोबर २०२३

ती. प्रमिलाताईंस,
जयश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर सगळं घर ऐकतं, म्हणून पत्र. माझं बाळ गेल्याला अकरा महिने झाले. त्याच आठवड्यात दर्शना जाऊबाई बाळंतपणात गेल्या आणि त्यांची ठकू मी पदराखाली घेतली. तिचे वडील, हेमंतभावोजी, तेव्हापासून कामाला भिवंडीलाच आहेत.

ठकू आता मऊ भात खाते, तरी रात्री चार-पाचदा अंगावर पिते. मला अजून पाळी नाही. मुरबाडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल सारखं पीत असलं की मेंदू अंडाशयाला गप्प बसवतो, बीज तयार होत नाही. रात्रीचं पाजणं कमी केलं तर पाळी येईल. मला चाळिसावं लागलंय, फार थांबू नकोस म्हणाल्या. सासूबाई म्हणतात, पोर घरचीच हाय, पन तुजी कूस कवा भरायची गो? तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमच्या मायेची भुकेली,
जयश्री

शहापूर, ११ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. जयूस अनेक आशीर्वाद.

कॉन्व्हेंटात सिस्टर फुलाचे भाग मन लावून शिकवायच्या. बाईचा धडा आला की पुस्तक मिटायच्या. मी तो धडा माझ्या बाळंतपणात शिकले. डॉक्टरीणबाई खरं सांगतात. एक लेकरू अंगावर असताना शरीर दुसऱ्याला घाईने बोलावत नाही, पण वय काही आपल्यासाठी थांबत नाही.

रात्रीचं एकेक पाजणं सोड. ठकूला माझ्या आईजवळ निजव. बायका सांगतील तसा कडुनिंब मात्र छातीला लावू नकोस. आणि पाळी दिसायच्या आधीही बीज सुटू शकतं, हे माझ्या त्या लाजाळू भावाच्या, धर्माच्या, कानावर घाल. लाजला तर लाजू दे!

आहे ती माया वाढो,
प्रमिलाताई

वैशाखरे, ९ जानेवारी २०२४

ती. ताईंस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. ठकू तीन रात्री रडली, मग सासूबाईंच्या गोधडीत निजू लागली. डिसेंबर संपता संपता दूध पुरतं तुटलं. सासूबाईंनीच हौसेने भावोजींना कळवलं.

भावोजींनी दिवाळीनंतर पुन्हा लग्न केलंय. परवा रविवारी नव्या बायकोला घेऊन आले. म्हणाले, पिणारं पोर पाजणारीपासून हलवायचं नाय ही आपली रीत, ती मी पाळली. आता दूध तुटलं, माझी लेक मला द्या. सासूबाईंनी ठकूचं बोचकं बांधलं. रीत त्यांनीच शिकवलेली. ठकूला एसटीत बसायची मजा वाटली. खिडकीतून मला टाटा करत गेली.

आज पाळी आली. हे म्हणाले, बरं झालं, आणि ताटावरून उठले.

ताई, तुम्ही शिकलेल्या. पुन्हा पाजलं तर दूध येतं का? पाळी गेली तरी चालेल.

जयश्री

शहापूर, २० जानेवारी २०२४

चि. सौ. जयूस आशीर्वाद.

भिवंडीला जाऊन आले. हेमंत माझा धाकटा भाऊ, तरी त्याच्यापुढे पदर पसरला. तो वाईट नाही गं. म्हणाला, ताई, पोर आता कुठे रुळतेय. दर्शनाचं एवढंच राहिलंय माझ्याकडे, तेही मागतेस काय? ठकू त्याच्या बायकोच्या कडेवर भात खात होती. तुझं नाव घेतलं तेव्हा तिने दाराकडे पाहिलं. मग पुन्हा वाटीकडे.

ती रीत मलाही ठाऊक होती. मी त्याच घरात वाढले. अंडाशयाचं शहाणपण सांगताना तीच आठवली नाही. चूक माझी आहे, तुझी नव्हे.

दूध येतं का विचारलंस. लेकरू पीत राहिलं तर येतं, जयू. पिणारं लेकरू तिकडे आहे.

माझा लोभ आहे तसाच आहे. तुझा माझ्यावर उरला असेल, तर दोन ओळी लिही.

प्रमिलाताई