शर्यतीच्या दिवशीचे बाफले

आई, आज सकाळी दूध तापवताना वाफेकडे बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. वाफेपलीकडे तू बसली आहेस असं वाटत राहिलं. भोपाळ नवी राजधानी झालं ते वर्ष. फ्रीगंज पेठेतलं आपलं स्वयंपाकघर. शाळेतल्या खेळाच्या बाईंनी बजावलंय, शर्यतीच्या दिवशी मुलीला फक्त दूध आणि दोन केळी, तूप अजिबात नको. तू ते औषधाच्या पथ्यासारखं पाळते आहेस. "पोट हलकं तर पाय हलके," म्हणतेस आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून उठत नाहीस. पहिली आले तर शाळेकडून मला पुढच्या शर्यतींसाठी आठ दिवस भोपाळला नेणार आहेत. तू त्यासाठी खणाची पिशवी शिवून खुंटीला अडकवली आहेस.

दुपारी मैदानावर जाताना मैत्रिणीच्या घरी थांबले. त्यांच्याकडे दाल-बाफले होते, कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तुपात बुडवलेले. तिची आई म्हणाली, "खा ले बेटी, खाली पेट कोई दौड़ता है क्या?" मी खाल्ले. तीन. शर्यतीत अर्ध्या वाटेवर कुशीत कळ आली आणि बाकीच्या मुली पाण्यातून जाव्यात तशा संथ माझ्यापुढे निघून गेल्या. आवाज कसलाच आठवत नाही.

बाईंनी मैदानावरच तुला गाठलं. "काय खाऊ घातलंत हिला?" तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्या झग्यावर तुपाचा डाग होता. "चुकलं माझं. शिरा दिला थोडा."

"तुम्हाला शर्यत म्हणजे लग्नाची पंगत वाटली की काय!" बाई म्हणाल्या. सगळे हसले. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस.

घरी येताना एवढंच म्हणालीस, "उपाशी ठेवलं गं मी तुला." मग मी माहेरी आले की, अगदी तुझ्या शेवटच्या आजारपणापर्यंत, नको म्हटलं तरी माझ्या पानात एक पोळी जास्त पडायची. मी ती मुकाट्यानं खात आले.

मला भूक नव्हती, आई. बाफले जड पडतात हेही ठाऊक होतं. घरातून निघताना खुंटीवरची पिशवी दिसली आणि आठ दिवस तू जवळ नसशील, एवढंच मनात आलं.

हे पत्र घडी करून त्याच पिशवीत ठेवते आहे. ती अजून कोरीच आहे.