गाडी कोण चालवत होतं

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय ती एका सरकारी कागदामुळे. तुम्ही म्हणाल, वा, कागद आला तेव्हा बाप आठवला. आठवला खरा. आम्ही इथल्या, सिंगापूरच्या, नागरिकत्वासाठी अर्ज करतोय. मुख्य अर्ज माझा, कारण नोकरी माझी मोठी. तुमचे जावई आणि तुमची नात माझ्या मागे. तुम्ही पाहिलीत तेव्हा रांगत होती, आता बारा वर्षांची आहे आणि मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. इतकी वर्षं आम्ही इथे राहण्याच्या परमिटवर काढली. ते नवं करायची वेळ आली की मी जुन्या फायली पुन्हा पुन्हा तपासत बसते. हा अर्ज मंजूर झाला की ती कटकट कायमची जाईल. नाही झाला तर का नाही, तेही सांगत नाहीत म्हणे. म्हणून अर्जातली एकेक ओळ मी तांदूळ निवडावे तशी निवडत होते.

त्यात एक प्रश्न आहे, तुमच्यावर कुठल्याही देशात कधी काही गुन्हा नोंदला गेलाय का. माझ्या नावावर इथे दोन बारीक पावत्या आहेत. एक मरीन परेडला, एका ओळखीच्यांच्या गणपतीला गेलो होतो तेव्हा दुहेरी पिवळ्या रेघेवर गाडी लावली त्याची, आणि एक थोडा वेग जास्त झाला त्याची. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, तर निम्मे म्हणाले सगळं लिहा, निम्मे म्हणाले वेड लागलंय का. तुमच्या जावयांनी तर कपाळावर हात मारला. "अगं, पार्किंगची पावती म्हणजे काय गुन्हा आहे? मग शाळेत अंगठे धरून उभं केलं होतं तेही लिही!" मी हसले आणि दोन्ही पावत्या वेगळ्या कागदावर लिहून जोडल्या. नोंद आहे ना, मग लिहायची. हे वाक्य माझं नाही, तुम्हाला माहीत आहे कुणाचं आहे ते.

अर्ज द्यायला आठवडा राहिला आणि पोलिसांचं आणखी एक पत्र आलं. नातीची पोहण्याची स्पर्धा होती जुरोंग ईस्टला, तिकडून परत येताना कॅमेऱ्याने गाडीचा वेग टिपला. गाडी आहे तुमच्या जावयांच्या नावावर. पत्र त्यांनाच, आणि पत्रात एवढंच विचारलेलं, त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते कळवा. चालवत होते मी. हे शेजारच्या सीटवर घोरत होते आणि पोरगी मागे ओले केस पुसत बसली होती. जेवणाच्या टेबलावर यांनी पत्र वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी सहज म्हणाले, "माझं नाव टाकतो. तुझा अर्ज मेन आहे, त्यावर आणखी एक डाग कशाला? दोन मिनिटांचं काम आहे."

अण्णा, माणूस वाईट नाही हो. जीव लावतो म्हणूनच म्हणाला. पण माझ्या हातातला डाव वरणात पडला आणि मी ओरडलेच, "नको!" हे चमकले. "एवढं ओरडायला काय झालं?" तेवढ्यात मागून पोरगी तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बट ममा वॉज ड्रायव्हिंग, व्हॉट. पपा, कॅनॉट लाह." म्हणजे, असं चालत नाही. हे तिला म्हणाले, तू जेव. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण साताऱ्याच्या पोवई नाक्यावरची ती सकाळ मी यांनाही कधी सांगितलेली नाही. ती तुमच्यात आणि माझ्यातच राहिली, आणि तुम्ही तर निघून गेलात.

त्या सकाळी मी सतरा वर्षांची आहे. लायसन नाही, पण तुमच्या स्कूटरवर तुम्हाला मागे बसवून चालवतेय, आणि मिजास अशी की सगळा सातारा माझ्याकडेच बघतोय. नाका जवळ येतो तसं तुम्ही म्हणता, "थांबव आता, पुढे मी घेतो." मी म्हणते, "येतं हो मला, अण्णा." आणि नाक्यावर एक सायकलवाला वळतो, मी ब्रेक दाबायचा तो दाबत नाही, आणि तो म्हातारा, त्याची सायकल, कॅरिअरवरची पालेभाजी, सगळं रस्त्यावर. फार लागलं नाही त्याला, कोपर सोललं. पण माणसं जमली आणि हवालदार आला. मी स्कूटरवरून उतरून बाजूला उभी. हवालदाराने तुम्हाला ओळखलं. "काय ड्रायव्हरसाहेब, तुम्ही? कोण चालवत होतं?" तुम्ही हँडलवर हात ठेवलात आणि म्हणालात, "मी." हवालदार माझ्याकडे बघून थोडा हसला आणि वहीत तुमचं नाव लिहिलं. त्या म्हाताऱ्याला तुम्ही दवाखान्यात नेलंत, त्याची मेथी गोळा करून दिलीत. घरी येताना माझ्याशी बोललात ते एवढंच: "पोरीचं नाव पोलिसांच्या वहीत नको. आणि उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही." त्यापेक्षा मुस्काटात मारली असतीत तर बरं झालं असतं.

इथवरचं मी स्वतःला माफ केलं असतं. सतरा वर्षांची पोर, घाबरली. पण दोन वर्षांनी डेपोतून तुमचा फॉर्म आला. पंचवीस वर्षं एसटी चालवली आणि एकदाही अपघात नाही, म्हणून बिल्ला मिळायचा होता, सत्कार व्हायचा होता. आईने पोलक्याचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलात, मांडीवर फॉर्म घेतलात. आई भाकरी थापत होती, मी दाराला टेकून चहा पीत होते. आपल्या नावावर कुठल्याही वाहनाचा अपघात वा गुन्हा नोंदला गेला आहे काय, तुम्ही मोठ्याने वाचलंत आणि तुमच्या त्या उंच, सरळ अक्षरात लिहिलंत, होय. आईचा हात परातीतच थांबला. "अहो, ती स्कूटरची भानगड! तिचा एसटीशी काय संबंध? कोण बघतंय?" तुम्ही म्हणालात, "नोंद आहे ना? मग लिहायची." आई रडली, चिडली, दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. बिल्ला मिळाला नाही. आणि मी काय केलं? चहा संपवला, कप विसळला आणि कॉलेजला गेले. आई, मी चालवत होते, एवढे चार शब्द होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाही, आणि मी त्याचाच फायदा घेतला.

मला आजही उमगत नाही अण्णा, तुम्ही हे दोन्ही कसं जमवलंत. हवालदारापुढे डोळ्याला डोळा देऊन खोटं बोललात आणि डेपोपुढे त्याच खोट्याला खऱ्यासारखे जागलात. मला राग येतो तुमचा. खरंच येतो. मला वाचवलंत म्हणता, पण त्या दिवशी वहीत माझं नाव पडलं असतं तर फार तर ओरडा बसला असता, लोक चार दिवस बोलले असते. त्याऐवजी माझ्या वाट्याला हे आलं, आणि ते कुणाला दाखवताही येत नाही. वर सिंगापूरला निघताना तुम्ही मला काय दिलंत, तर ड्युटीवर काच पुसायचं ते पिवळं फडकं! "काच स्वच्छ असली की निम्मं ड्रायव्हिंग झालं," म्हणालात. अजून माझ्या गाडीच्या कप्प्यात आहे. मी त्याने काच पुसत नाही.

तर त्या पत्राचं उत्तर मी दिलं. यांच्या शेजारी बसून, यांच्या लॉगिनमधून, चालकाचं नाव म्हणून माझं नाव भरलं. यांनी स्क्रीनवरचं माझं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "अर्ज अडकला तर?" मी म्हटलं, अडकू दे. अर्जाला जोडलेल्या कागदावर तिसरी ओळ वाढवली आणि अर्ज पाठवून दिला. आता वाट बघायची, वर्ष, दोन वर्षं, कोण जाणे. पोरीच्या पुढ्यात मी मोठी खरी बाई झाले. पण तुमच्यापाशी कसला आव आणू? पोरगी मागच्या सीटवर बसलेली नसती, तर मी यांना म्हटलं असतं, बरं, टाका तुमचं नाव.

हे पत्र मी गाडीत बसून लिहितेय, आमच्या ब्लॉकच्या पार्किंगमध्ये, रविवारची दुपार आहे. घडी करून फडक्याखाली ठेवीन. आणखी कुठे पाठवणार? मघाशी आईशी व्हिडिओवर बोलले. ती मटार सोलत होती. दंड झाल्याचं मी सांगितलं, तर म्हणाली, "बाई गं, गाडी जपून चालव. तुझ्या अण्णांसारखं करू नकोस. पंचवीस वर्षं सांभाळलं आणि एका स्कूटरपायी घालवलं सगळं. मागे स्वतःची पोर बसलीय, तिचा तरी विचार करायचा की नाही माणसाने?" दर दोन-तीन महिन्यांनी ती हे म्हणतेच. परदेशातल्या पोलिसांना मी माझं नाव पाच मिनिटांत कळवलं होतं, म्हणून वाटलं, आज आईलाही सांगून टाकू. तोंड उघडलंसुद्धा. आई शेंग हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, मटार गोड आहे का गं. हो म्हणाली, यंदा गोड आहे.